मुलाखतीपुरती शांतता

कल्याण,
१२ जानेवारी २०२५

गोपीनाथमामा,

नमस्कार. आईच्या वर्षश्राद्धाला निघताना तुम्ही म्हणालेलात, "फोन नको करूस, मला जरा कमी येतं ऐकायला. पत्र लिही." मला वाटलेलं, मोठी माणसं म्हणतात तसं म्हणताय. पण आज खरंच पोस्टात गेले आणि पाकीट मागितलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे का.

काम आहे म्हणून लिहितेय, खोटं कशाला बोलू. मी अर्थशास्त्रात एम.ए. केलं ते तुम्हाला माहीत आहे. आता जिनिव्हातल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत इंटर्नशिपसाठी अर्ज करतेय. म्हणजे सहा महिने तिथे राहायचं आणि काम शिकायचं. राहण्या-जेवणाचं तेच बघतात. विषय आहे व्यापार-धोरण. कुठल्या देशानं बाहेरून येणाऱ्या कुठल्या मालावर किती जकात लावायची, काय अडवायचं, काय सोडायचं, याचे जगभराचे नियम असतात. त्यावरून देशादेशांत भांडणं होतात आणि ही संस्था त्यांना समोरासमोर बसवते. पदवी मिळून दोन वर्षं व्हायच्या आत अर्ज करावा लागतो. माझी दोन वर्षं जूनमध्ये संपतात, म्हणजे मला ही एकच संधी आहे.

बाबांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि ड्युटीला गेले. त्यांची एसटी ठाण्याच्या खोपट डेपोतून सुटते ती कधी सोलापूर, कधी लातूर. आठवड्यातून दोन दिवस घरी असतात, त्यातला एक दिवस झोपतात. आई गेल्यापासून आमच्या घरात बोलणं असं फार उरलेलं नाही.

अर्जात पानभर लिहायचंय, हा विषय का निवडला. मी चार वेळा लिहिलं आणि फाडलं. कुणाच्याही नावावर खपलं असतं असं होत होतं. मग आठवलं, आई सुट्टीत तुमच्याकडे बाळकुमला यायची आणि तुमच्या आईबरोबर, रंगूआजीबरोबर, मिठागरावर जायची. आई नेहमी म्हणायची, आत्याला मीठ कळायचं. काय कळायचं ते मी कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही. तुम्ही सांगाल का? अर्जाची मुदत एकतीस तारखेपर्यंत आहे.

तुमची भाची
अक्षदा

बाळकुम,
१७ जानेवारी

चि. अक्षदा,

पोस्टमन दारात उभा राहिला तेव्हा मला वाटलं, पत्ता चुकलाय. माझ्याकडे विजेचं बिल आणि निवडणुकीची चिठ्ठी याखेरीज काही येत नाही. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग जेवलो, मग पुन्हा वाचलं.

जिनिव्हा कुठे आहे ते मला माहीत आहे. एकतीस वर्षं ठाण्याच्या वाचनालयात शिपाई होतो, नकाशाचं मोठं पुस्तक रोज मीच पुसायचो. तिथे माझं काम दोन प्रकारचं होतं. पुस्तकं जागेवर लावणं आणि माणसांना गप्प करणं. दुसऱ्या कामात माझा हातखंडा. तोंडातून शब्द न काढता नुसतं ओठांवर बोट ठेवलं की मोठमोठे वकील खाली मान घालायचे. तुझी शालूमामी म्हणायची, घरी येताना ते बोट तिकडेच ठेवून येत जा.

आता मिठाचं. खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हानं आटवायचं, एवढं कुणीही सांगेल. मीठ काढायचं कधी, हा खरा प्रश्न. घाई केली तर ओलं निघतं, उशीर केला तर तळाचा चिखल येतो. आमची आई भर दुपारी वाफ्याच्या बांधावर जाऊन बसायची आणि डोळे मिटायची. मीठ धरायला लागलं की बारीक तडतड होते. फार बारीक. वारा असला तर तीही नाही. मला म्हणायची, "गप बस रं पोरा, मीठ बोलतंय, आयकू दे." तुझी आई नीला तेव्हा आठ वर्षांची. ती श्वास रोखून बसायची आणि मग म्हणायची, मलापण ऐकू आलं. मला कधीच आलं नाही. बहुतेक माझे कान तेव्हापासूनच कामचुकार होते.

पुढे बाहेरचं मीठ स्वस्तात यायला लागलं, पिशवीतलं, पांढरंशुभ्र. आमचं जरा काळसर. आईनं एकदा ते बाजारातलं मीठ तळहातावर घेतलं, कानाशी नेलं, आणि ठेवून दिलं. दोन हंगामांनी मालकानं मिठागर बंद केलं. त्याला व्यापार-धोरण म्हणतात हे मला तुझ्या पत्रातून आज समजलं.

एवढं पुरे का? कमी पडलं तर लिही. कमी नाही पडलं तरी लिही.

तुझा
गोपीनाथमामा

कल्याण,
२४ मार्च

गोपीनाथमामा,

इतके दिवस लिहिलं नाही, रागावू नका. अर्ज तीस तारखेला रात्री गेला. रंगूआजी, बांध, मिटलेले डोळे, कानाशी नेलेलं मीठ, सगळं त्यात घातलंय. पहिल्यांदाच वाटलं, हे पान फाडायचं नाही. त्यानंतर जवळजवळ दोन महिने मेल उघडायची भीती वाटायची, आणि न उघडायचीही.

परवा उत्तर आलं. मला मुलाखतीला बोलावलंय. कॉम्प्युटरवरूनच, समोर तीन माणसं असतील. ९ एप्रिल, आपल्याकडचे दुपारचे दीड.

हे वाचून मी खुर्चीतून उठले आणि घरभर फिरले. आमचं घर म्हणजे दोन खोल्या, लगेच संपतं. कुणाला तरी सांगावं असं वाटत होतं. बाबांना फोन लावला, तो लागला नाही. ते घाटात असावेत.

आता अडचण सांगते. आमच्या घराखाली मसाला कुटायचा डंका आहे. वर्षभर चालतो तसा, पण मार्च-एप्रिल-मे म्हणजे त्यांची दिवाळी. अख्खं कल्याण वर्षाचा मसाला कुटायला येतं. सकाळी आठला दणके सुरू होतात ते संध्याकाळी सातपर्यंत. भांडी वाजतात, मिरचीचा खाट वर येतो, मी दिवसभर शिंकते. मालकांना विचारलं, त्या दिवशी तासभर बंद ठेवाल का. ते म्हणाले, ताई, हंगाम आहे, लोक मिरच्या घेऊन लाइनीत उभे असतात. त्यांचंही खरं आहे.

मैत्रिणींकडे विचारलं. करिश्माकडे लहान बाळ आहे. दुसरीच्या घरात सहा माणसं आणि एक टीव्ही आहे, तो बंद होत नाही. लायब्ररीत बोलू देत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नकोच. मेलमध्ये एक ओळ ठळक केलीय: जागा शांत हवी. शांत जागा कुठून आणू, तेवढं सुचत नाहीये.

अक्षदा

बाळकुम,
२८ मार्च

चि. अक्षदा,

वेडी आहेस. शांत जागा म्हणून शोधत कल्याणभर फिरतेस आणि मामाचं घर आठवलं नाही?

इथे ये. माझ्याकडे दुसरं काही नसलं तरी शांतता भरपूर आहे. शालू गेल्यापासून तर तिचा साठाच झालाय. दिवसेंदिवस या घरात चमचा पडल्याचाही आवाज होत नाही. आमच्या गल्लीत पूर्वी फार कालवा असायचा, आता लोक टॉवरमध्ये राहायला गेले आणि इथे सगळं गपगार झालं. समोर पाटलांच्या जागेवर इमारत उभी राहतेय, पण तिचंही काम कसं शिस्तीत चाललंय. उंच यंत्र नुसतं सावकाश वर जातं आणि खाली येतं. मी खिडकीतून बघत बसतो, वेळ जातो.

आतल्या खोलीत टेबल लावतो. तू आत बस, मी बाहेर ओटीवर बसेन. कुणाची आत पाऊल टाकायची हिंमत होणार नाही. एकतीस वर्षं हेच केलंय.

आपलं बोलणं पाटीवर होईल. मी दाराशी पाटी आणि खडू ठेवलाय, येणारा-जाणारा त्यावर लिहितो. ऐकायला जरा कमी येतं ना, म्हणून. शेजारची भावना, माझी पुतणसून, जेवण करून देते म्हणाली. तुला मासा चालतो ना, जिताडा?

वाट बघतोय. शर्टाला इस्त्री करून ठेवतो.

गोपीनाथमामा

कल्याण,
११ एप्रिल

गोपीनाथमामा,

सुखरूप पोचले. बसमध्ये झोप लागली आणि कल्याण स्टँडला कंडक्टरनं उठवलं.

मुलाखत चांगली झाली. पाटीवर लिहिलं होतंच, पण पुन्हा लिहिते. तुमच्या घरासारखी जागा मला मिळाली नसती. त्यांनी रंगूआजीबद्दल विचारलं, मी सांगितलं. शेवटी त्यातल्या बाई हसल्या.

टेबलावर तुम्ही आईचा लहानपणीचा फोटो ठेवलेला, तो मी बोलताना सारखी बघत होते. दोन वेण्या आणि हातात फावडं. तो फोटो मी कधी पाहिला नव्हता.

जिताडा फार छान होता, भावनावहिनींना सांगा. मी जेवताना गप्प होते त्याचं काही वाटून घेऊ नका. दमलेले.

निकाल मेअखेर लागेल. तोवर तब्येत जपा.

अक्षदा

बाळकुम,
२० एप्रिल

चि. अक्षदा,

तुझं पत्र भावनाला वाचून दाखवलं. 'तुमच्या घरासारखी जागा मला मिळाली नसती' हे वाक्य दोनदा. ती काहीतरी बोलली आणि घरात निघून गेली. तिला लिहायचा कंटाळा आहे, पाटी हातात घेत नाही.

त्या दिवसापासून मला फार हलकं वाटतंय. निवृत्त झालो त्याला बारा वर्षं झाली. त्यानंतर पहिल्यांदा वाटलं, आपला कुणाला तरी उपयोग झाला. एकदा वाटलं तुला लिहू नये, पोरगी म्हणेल म्हातारा हळवा झाला. पण लिहिलं.

टेबल तसंच ठेवलंय. हलवलं नाही.

गोपीनाथमामा

बाळकुम,
२९ मे

चि. अक्षदा,

पत्र नाही. निकाल लागला असेल तर कसाही असो, कळव. पोस्टमनला दोनदा विचारलं. तो मान हलवतो, तेवढं मला कळतं.

मामा

कल्याण,
२ जून

गोपीनाथमामा,

माझी निवड झाली नाही.

राखीव यादीत नाव घातलंय, डिसेंबरपर्यंत. म्हणजे निवडलेल्यांपैकी कुणी यायचं नाकारलं तर मला बोलावतील. जिनिव्हाला जायला कोण नाही म्हणतं, मामा?

बाबांना सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मग बूट घालायला लागले. चहा ठेवलेला, तो तसाच राहिला.

डोंबिवलीत एका क्लासमध्ये शिकवायला लागलेय. अकरावीची मुलं आहेत. मागणी आणि पुरवठा शिकवते. संध्याकाळी घरी येते तेव्हा खालचा डंका बंद झालेला असतो. इतके दिवस त्याला शिव्या देत होते, आणि आता तो बंद असला की मला घरात शिरायला नको वाटतं.

उशिरा लिहिलं, कारण तुम्हाला वाईट वाटेल हे माहीत होतं.

अक्षदा

बाळकुम,
९ जून

अक्षदा,

तुझं पत्र आलं तेव्हा भावना भाजी निवडत होती. मी तिला पाटीवर लिहून सांगितलं, पोरीचं झालं नाही. तिनं माझ्या हातातून खडू घेतला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आणि लिहिलं:

"काका, त्या दिशी ते मशीन त सकालपासून चालू व्हतं. आमची ताटं हलत व्हती. तिला कसं काय ऐकू आलं असंल?"

मी विचारलं, कुठलं मशीन. तिनं खिडकीकडे बोट केलं.

मला आधी खरं वाटलं नाही. मग मी तांब्यात पाणी घेतलं, आतल्या खोलीत गेलो आणि तू बसलेलीस त्या टेबलावर ठेवलं. बघत बसलो. यंत्र वर गेलं, खाली आलं, आणि पाण्यावर वर्तुळं उठली. पुन्हा वर गेलं, खाली आलं. पुन्हा वर्तुळं. मी अर्धा तास बसलो असेन.

पायांखाली थरथर मला जाणवायची, नाही असं नाही. मला वाटायचं, माझंच अंग थरथरतंय, वय झालं. आणि यंत्र तर रोज डोळ्यांसमोर. पण जे आपल्याला ऐकू येत नाही ते दुसऱ्याला ऐकू येत असेल, हे मी विसरलो होतो, अक्षदा. साधी गोष्ट, आणि विसरलो. मी तुला डंक्यावरून उठवलं आणि पाया ठोकणाऱ्या यंत्राच्या, पायलिंगच्या तोंडाशी नेऊन बसवलं. वर इस्त्रीचा शर्ट घालून राखण करत बसलो.

ऐकायला जरा कमी येतं असं मी लिहीत आलो. ते खोटं आहे. मला काहीही ऐकू येत नाही. शालू गेली त्याच वर्षापासून.

तू मला सांगितलं का नाहीस? तेव्हा उठून ओरडली असतीस तरी मला चाललं असतं. अर्थात, ऐकू आलं नसतं.

टेबल उचलून ठेवलं.

गोपीनाथ

कल्याण,
१४ जून

मामा,

हो, मशीन चालू होतं.

आता सगळं सांगते, कारण तुम्ही नसलेल्या गोष्टीही मनात आणाल. मी फोटोसमोर बसले, स्क्रीनवर तिघं आले आणि पहिला दणका बसला. बाईंनी विचारलं, तुमच्याकडे काही पाडापाडी चाललीये का. मी म्हटलं, नाही, बांधकाम आहे. दोन प्रश्न मी पुन्हा विचारायला लावले. तिसरा ऐकूच आला नाही, अंदाजानं उत्तर दिलं. ते चुकलं, त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

त्यांनी स्वतःहून सांगितलं, हवं तर दहा मिनिटं थांबतो, दुसरी जागा बघा. भावनावहिनींची मागची खोली आहे, हे मला माहीत होतं. लॅपटॉप उचलायचा, ओटीवरून पलीकडे जायचं, एवढंच होतं. मी उठले. खिडकीतून बाहेर पाहिलं.

तुम्ही खुर्चीत ताठ बसलेलात. मांडीवर पाटी, तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'शांतता राखा'. तेवढ्यात बायजा मासळीवाली टोपली घेऊन गल्लीत आली आणि ओरडली. तिचं तोंड उघडं बघून तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. ती थांबली. तिनं पाटी वाचली नाही, तिला वाचता येत नसावं. तिनं तुमच्याकडे पाहिलं, मग त्या मशीनकडे, मग परत तुमच्याकडे. मशीन एवढ्या जोरात आपटत होतं की तिच्या टोपलीचं झाकण हलत होतं. आणि मामा, ती हसली नाही. तिनं तोंडावर पदर घेतला आणि पाय न वाजवता तुमच्यासमोरून निघून गेली. पूर्ण गल्ली संपेपर्यंत ती तशीच चालत गेली.

मी परत जागेवर बसले. त्यांना म्हटलं, इथेच बोलू, हे माझ्या मामांचं घर आहे. आवाजाबद्दल त्यांनी शेवटी पुन्हा विचारलं, तेव्हा सांगितलं की ज्या वाटेनं रंगूआजी मिठागरावर जायची, त्या वाटेवर हे मशीन चाललंय. बाई तेव्हा हसल्या. ते हसू कसलं होतं ते मला कळलं नाही.

मी उठून बाहेर आले असते तर तुम्हाला कळलं असतं. ते मला करवलं नाही. आई गेल्यापासून माझ्यासाठी कुणी असं दारात बसलं नव्हतं. तुम्ही मला उठवून कुठे नेलं नाहीत, मी तिथे स्वतःच्या मर्जीनं बसून राहिले. याचं मला वाईट वाटत नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. रोज वाटतं. पण पुन्हा तशी वेळ आली तरी मला उठता येणार नाही, हेही तेवढंच खरं आहे.

टेबल परत लावा. मी येणार आहे.

अक्षदा

कल्याण,
२० ऑगस्ट

मामा,

दोन महिने तुमचं पत्र नाही. मी जुलैत एका रविवारी आलेले, तुम्ही ओटीवर नव्हता, दार लोटलेलं होतं. भावनावहिनी म्हणाल्या, आत आहेत, पण भेटत नाहीत कुणाला. मी पाटीवर 'अक्षदा येऊन गेली' असं लिहून परत फिरले.

आज सांगायचं म्हणजे, कुणीतरी जिनिव्हाला नाही म्हटलंय. काल मेल आला. १५ ऑक्टोबरपासून सहा महिने. मी क्लासमध्ये होते, मुलांना तसंच बसवून जिन्यात गेले आणि तीनदा वाचला. बाबांना फोन लावला. या वेळी लागला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, मागून प्रवासी ओरडत होते, आणि बाबा म्हणाले, "नीला असती तर." एवढंच म्हणाले. मला वाटतं, ती गेल्यापासून ते तिचं नाव पहिल्यांदा बोलले.

आता एक फॉर्म आलाय. त्यात एक रकाना आहे: मला काही झालं तर कुणाला फोन करायचा. बाबा स्टिअरिंगवर असतात, ते उचलत नाहीत आणि उचलूही नये. दुसरं नाव कुणाचं घालू, यावर मी अख्खी संध्याकाळ बसले. मोबाइलमध्ये तीनशे नावं आहेत, सगळी वरपासून खालपर्यंत बघितली.

मग तुमचं नाव लिहिलं. गोपीनाथ भोईर, बाळकुम. पुढे फोन नंबर मागितलाय, तो रकाना कोरा आहे. दहा सप्टेंबरपर्यंत द्यायचाय. पत्ता लिहिला तर चालेल का असं विचारावं म्हणते. मला काही झालंच, तर त्यांनी तुम्हाला पत्र पाठवावं.

अक्षदा

बाळकुम,
१ सप्टेंबर

चि. अक्षदा,

नंबर खाली लिहिलाय. तो भर.

आता मी तुला एक सांगतो, ते भावनालाही माहीत नाही. कानाचं मशीन माझ्याकडे आहे. शालूनंच आणायला लावलेलं. चांगलं चालायचं. मी ते दोन वर्षं वापरलं, तिच्याशी भांडलोसुद्धा ते लावून. ती गेल्यावर तेराव्याला सगळे पाहुणे परत गेले आणि मी घरात एकटा बसलो. तेव्हा ते कानात होतं. फ्रिजची घरघर ऐकू आली. पंख्याची करकर ऐकू आली. नळ गळत होता तोही. फक्त तिच्या बांगड्या वाजत नव्हत्या. मशीन लावलं की घरात ती नाही, हे ऐकू यायचं. काढून ठेवलं की कळायचं नाही, स्वयंपाकघरात असेल असं धरून चालता यायचं. मी ते तिच्या शिवणाच्या डब्यात टाकलं आणि झाकण लावलं. लोकांना सांगितलं, कान गेले. त्या शांततेत मी तुला बोलावलं होतं.

तुझं जूनचं पत्र वाचून मला तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून दार लोटून घेतलेलं. तू पाटीवर लिहिलेलं पुसलं नाही.

तुझं हे पत्र आल्यावर डबा उघडला. सेल संपलेले. खोपटला जाऊन नवे आणले आणि दुकानातच लावलं. बाहेर आलो तर डेपोचा सगळा गोंगाट अंगावर आला. मला पायरीवर बसावं लागलं. तुझ्या वडिलांच्या खात्याचा एक माणूस पाणी घेऊन आला, त्याचं बोलणं मला पहिल्या झटक्यात कळलं.

घरी आल्यावर समोरचं यंत्र ऐकलं. पहिल्या इमारतीचं झालं, आता दुसरीचं पायलिंग सुरू आहे. बाप रे, अक्षदा. त्यात तू पाऊण तास बसलीस.

आणखी एक कळलं. भावना रोज सकाळी मागच्या दारातून म्हणते, "काका, उठलाव का?" मग उत्तराची वाट न बघता चहा ठेवून जाते. चार वर्षं ती हे म्हणतेय. काल मी आतून "हो" म्हणालो, तर तिच्या हातातली बशी पडली.

शालू नाही, ते आता दिवसभर ऐकू येतं. त्याला इलाज नाही. पण फोन वाजला तर तोही ऐकू यायला हवा. त्या लोकांना सांग, रात्री-अपरात्री केव्हाही लावा, हा माणूस उचलेल. आणि त्यांना कधी लावावा लागू नये म्हणून तू लावत जा.

म्हणजे आता पत्रांचं काम संपलं म्हणायचं. पाकिटं उगाच जास्त आणून ठेवलीत.

गोपीनाथमामा

जिनिव्हा,
२६ ऑक्टोबर

गोपीनाथमामा,

पाकिटं फेकू नका.

परवा फोनवर आपण सहा मिनिटं बोललो. मी मोजली नाहीत, फोननंच दाखवली. तुम्ही विचारलंत, जेवलीस का. मी म्हटलं, हो. थंडी आहे का. आहे. काम कसं आहे. चांगलं आहे. मग तुम्ही गप्प, मी गप्प. आपल्याला एकमेकांशी बोलायची सवयच नाही, फक्त लिहायची आहे. ठेवल्यावर मला रडू आलं, कारण सांगायचं होतं ते सगळं राहून गेलं.

ते आता लिहिते. काम खरंच चांगलं आहे. कोणत्या देशानं कोणत्या मालावर जकात वाढवली, त्याच्या नोंदी वाचून टिपणं काढायची. परवा एका फाइलमध्ये मीठ आलं. एका ओळीत संपलेलं. मी ती ओळ बराच वेळ बघत बसले, शेजारच्या मुलीनं विचारलं, काही अडलंय का.

बाकी वेळ मी एकटी असते. खोली छान आहे, खिडकीतून डोंगर दिसतो. दिवाळीला खोलीत एक पणती लावली, तर धूर झाला की आवाज करणारी वस्तू छताला बसवलीये, ती वाजेल म्हणून लगेच विझवली. आणि शांतता, मामा. जिन्यात कागद लावलाय: रात्री दहानंतर आवाज नको, रविवारी कपडे धुवायचं मशीनसुद्धा लावायचं नाही. सगळे तो पाळतात. तुमच्या वाचनालयासारखं अख्खं शहर आहे, कुणीतरी मोठ्ठं बोट ओठांवर ठेवल्यासारखं. आज रविवार. सकाळपासून मी कुणाचाही आवाज ऐकलेला नाही. मघाशी मुद्दाम चमचा खाली टाकला.

म्हणून एक मागते. परवा आपण दोघं गप्प झालो तेव्हा तुमच्या मागे ते मशीन ऐकू येत होतं. वर जाऊन खाली आपटणारं. मी तुमचं बोलणं सोडून तेच ऐकत होते. तुम्ही "आवाज फार आहे, ठेवतो" म्हणालात आणि ठेवलंत.

पुढच्या शनिवारी तुमच्याकडच्या दुपारी दीडला फोन करेन. ते टेबल लावा, त्यावर फोन ठेवा, खिडकी उघडा. बोलायचं काही सुचलं नाही तरी चालेल. मी इकडे डोळे मिटून बसेन. तुम्ही तेवढे बाहेर ओटीवर बसा, आणि बायजा आली तर तिला ओरडू द्या.

तुमची
अक्षदा